एका चुकीनंतरची अकरा वर्षं

१९८७चा सप्टेंबर महिना. मेलबर्नमधलं वेव्हर्ली पार्क मैदान प्रेक्षकांनी फुलून गेलं होतं. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची उपान्त्य लढत रंगात आली होती. मेलबर्न क्लबला १९६४ नंतर एकदाही अंतिम सामन्यात खेळता आलं नव्हतं. त्या दिवशी मात्र हॉथॉर्नविरुद्ध ते चार गुणांनी पुढे होते आणि खेळ संपायला काही सेकंदच उरले होते.

तेवढ्यात हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला फ्री किक मिळाली. अंतर लांबचं होतं. तिथून गोल होणं कठीणच. पण त्याच क्षणी मेलबर्नचा एक उंचापुरा खेळाडू प्रतिस्पर्ध्याला अडवायला बकेनाराच्या समोरून पळत गेला. किक घेणारा आणि त्याच्या पुढची ठरलेली खूण यांच्या मधून जायचं नाही, हा या खेळातला अगदी साधा नियम. पंचांनी शिट्टी फुंकली आणि बकेनाराला १५ मीटर पुढे आणलं. सामना संपल्याचा भोंगा वाजला, पण किक बाकी होती. चेंडू थेट खांबांमधून गेला. सहा गुण! मेलबर्न दोन गुणांनी हरलं.

प्रशिक्षक जॉन नॉर्थी त्या खेळाडूला सर्वांसमोर फैलावर घेत असल्याचं दृश्य टीव्हीवर घराघरात पोहोचलं. तेव्हा तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता. नाव जिम स्टाइन्स. मोठ्या लीगमधलं त्याचं हे पहिलंच वर्ष होतं.

जाहिरात वाचून आलेला मुलगा

मेलबर्न म्हटलं की आपल्याला आठवतं ते क्रिकेटचं प्रचंड मैदान. पण तिथल्या माणसाला विचाराल, तर तो आधी फुटबॉलचं नाव घेईल. हा खेळ क्रिकेटच्या अंगणातच वाढला. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग मोकळं राहावं म्हणून टॉम विल्स या क्रिकेटपटूनं १८५८मध्ये फुटबॉलची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी नियम लिहिले गेले. म्हणून आजही हा खेळ क्रिकेटसारख्या लंबगोल मैदानावर रंगतो. दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा खेळाडू, लांबट चेंडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू पायानं मारला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एकच. चेंडू हातानं फेकायचा नाही. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं मारायचा.

स्टाइन्स जन्मला १९६६ साली आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात. तिथला गेलिक फुटबॉल या खेळाचा दूरचा भाऊ म्हणता येईल, पण त्याचा चेंडू गोल आणि मैदान आयताकृती. १९८४मध्ये डब्लिनच्या कुमार संघानं अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवलं, त्या संघात जिम होता. त्याच सुमारास मेलबर्न क्लबनं आयर्लंडमध्ये जाहिरात दिली. चांगले तरुण खेळाडू हवेत, खेळाबरोबर विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्तीही मिळेल! क्लबचे प्रशिक्षक रॉन बरासी यांचा हा प्रयोग होता. अठरा वर्षांचा जिम निवडला गेला आणि १९८४च्या अखेरीस मेलबर्नला पोहोचला.

पाय तयार होते, पण चेंडू ऐकत नव्हता. लांबट चेंडू जमिनीवर आपटला की कुठे उसळेल, याचा नेम नाही. ज्या वयात इतर मुलं मोठ्या संघात शिरण्यासाठी धडपडतात, त्या वयात जिम मुळाक्षरं गिरवत होता. १९८६मध्ये तो प्राहरान या खालच्या पातळीवरच्या क्लबकडूनही खेळला. १९८७मध्ये मोठ्या संघात जागा मिळाली आणि त्याच वर्षी ती चूक घडली. ज्याच्या रक्तात हा खेळ होता, त्याच्या हातून कदाचित ती घडलीही नसती.

पंचांनीच दिलं पदक

असा प्रसंग अनेकांचं करिअर संपवतो. स्टाइन्स मात्र पुढच्या मोसमात पुन्हा मैदानावर हजर होता. १९८८मध्ये मेलबर्ननं अंतिम सामना गाठला, पण तिथे हॉथॉर्ननंच त्यांना ९६ गुणांनी धूळ चारली.

स्टाइन्स ‘रकमन’ होता. त्या काळी पंच चेंडू जमिनीवर आपटून खेळ सुरू करत, तेव्हा दोन उंच खेळाडू उडी मारून तो आपल्या सहकाऱ्यांकडे ढकलत. या जागेवर धडका ठरलेल्याच. पण हा पठ्ठ्या नुसता उड्या मारून थांबत नसे. सामनाभर मैदान पालथं घालत असे.

१९९१मध्ये त्याला ब्राउनलो पदक मिळालं. मोसमातल्या सर्वोत्तम आणि सचोटीनं खेळणाऱ्या खेळाडूला दिला जाणारा हा या खेळातला मोठा सन्मान. ऑस्ट्रेलियाबाहेर वाढलेल्या खेळाडूला तो पहिल्यांदाच मिळत होता. गंमत म्हणजे या पदकासाठी मतं देतात ते पंच! चार वर्षांपूर्वी पंचाच्याच शिट्टीनं त्याला खलनायक ठरवलं होतं.

१९९८मध्ये निवृत्त होईपर्यंत तो २६४ सामने खेळला. त्यांतले २४४ सलग, एकही न चुकवता. तो विक्रम ठरला. विजेतेपदाचं पदक मात्र त्याच्या गळ्यात कधीच पडलं नाही.

मैदानाबाहेरचा सामना

खेळत असतानाच, १९९४मध्ये, चित्रपट दिग्दर्शक पॉल करी यांच्या साथीनं त्यानं ‘रीच’ ही संस्था सुरू केली. किशोरवयीन मुलांना बोलतं करायचं, त्यांच्या मनातली भीती आणि न्यूनगंड ऐकून घ्यायचा, हे तिचं काम. ज्याचं अपयश सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं, त्याच्याइतका या कामाला योग्य माणूस कोण असणार?

२००८मध्ये कर्जात बुडालेल्या मेलबर्न क्लबचं अध्यक्षपद त्यानं स्वीकारलं. वर्षभरातच, जुलै २००९मध्ये, त्याला कर्करोग झाल्याचं निदान झालं. पाठीवरच्या गाठीपासून सुरू झालेलं दुखणं मेंदूपर्यंत गेलं. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. घरी पत्नी सॅम आणि दोन लहान मुलं. या काळातही तो क्लबसाठी निधी गोळा करत राहिला आणि २०१०मध्ये क्लब कर्जमुक्त झाला. प्रकृती ढासळल्यावर २०१२च्या सुरुवातीला त्यानं पद सोडलं. २० मार्च २०१२ रोजी, वयाच्या अवघ्या ४५व्या वर्षी, त्याचं निधन झालं. परदेशातून आलेल्या या मुलाला शासकीय इतमामात निरोप देण्यात आला.

मेलबर्न क्लबनं अखेर २०२१मध्ये ५७ वर्षांनी विजेतेपद मिळवलं. ते पाहायला जिम नव्हता. पण त्याच्या शहरात यारा नदीकाठी त्याच्या नावाचा पूल आहे आणि क्रिकेटच्या त्या प्रसिद्ध मैदानाबाहेर त्याचा पुतळा. लीगनं त्याच्या नावानं एक पुरस्कारही सुरू केला. तो ना गोलसाठी मिळतो, ना सामन्यांच्या संख्येसाठी. समाजासाठी वेळ देणाऱ्या खेळाडूला तो दिला जातो.