डोळ्यात पाणी धरून ठेवणारी लेन्स

डोळे कोरडे आहेत म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स लावू या, असं मी म्हटलं की पेशंटच्या आधी सोबत आलेला नवरा किंवा मुलगा दचकतो. "अहो मॅडम, आधीच डोळ्यांची आग आग होतेय, त्यात लेन्स कुठे घालता?" शंका रास्त आहे. नेहमीची सॉफ्ट लेन्स अशा डोळ्यांना सोसतच नाही. तिच्या अंगातच पाणी असतं, काही प्रकारांत निम्म्याहून जास्त. दिवसभर ते वरून उडत राहतं आणि लेन्स त्याची भरपाई डोळ्यातल्या अश्रूंतून करून घेते. जिथे अश्रूच बेताचे, तिथे संध्याकाळपर्यंत ती डोळ्याला चिकटून बसते. म्हणून ‘कोरड्या डोळ्यांना लेन्स नको’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलंय. ते एका जातीच्या लेन्सपुरतं खरं आहे. दुसऱ्या एका जातीला लावलं, तर त्यापायी माणसं वर्षानुवर्षं विनाकारण सोसत राहतात, आणि ते मला बघवत नाही.

मी पुण्यात ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करते. चष्म्याचे नंबर काढण्यापेक्षा माझा जास्त वेळ या दुसऱ्या जातीच्या, म्हणजे स्क्लेरल लेन्स बसवण्यात जातो. पण लेन्सकडे वळण्याआधी कोरडेपणाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, "डोळ्यांतून सारखं पाणी गळतंय, मग डोळे कोरडे कसे?"

डोळ्यावर अश्रूंचा एक अगदी पातळ थर कायम पसरलेला असतो. त्यात खाली चिकट द्रव असतो, मध्ये पाणी असतं आणि वर तेल. पाणी अश्रुग्रंथी देते, तेल पापण्यांच्या कडांमधल्या बारीक ग्रंथी देतात, आणि चिकट द्रवामुळे हे सगळं डोळ्याच्या पृष्ठभागाला धरून राहतं. पापणी लवली की थर नव्याने पसरतो. तेल कमी पडलं तर पाणी भराभर उडतं. मग डोळा चुरचुरतो आणि त्या त्रासापोटी अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. ते गालावर ओघळतं, डोळ्यावर टिकत नाही. मोबाइल किंवा कॉम्प्युटरकडे एकटक बघताना आपण पापण्या कमी लववतो आणि बऱ्याचदा अर्धवट मिटतो, त्यानेही हेच होतं. अशा साध्या कोरडेपणाला गरम शेक, पापण्यांची स्वच्छता आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब बहुतेक वेळा पुरतात. त्यासाठी स्क्लेरल लेन्सपर्यंत यायची गरज नाही.

गरज पडते ती पुढच्या पायरीवर. सल्फाच्या किंवा फिटच्या औषधाची भयंकर रिॲक्शन येऊन अंगभर फोड उठतात, त्या स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोममध्ये कातडी भरून येते, पण पापण्यांची आतली बाजू खरखरीत होऊन बसते आणि पापणी लवली की दरवेळी बुबुळाला घासते. चेहऱ्याच्या लकव्यामुळे कुणाचा डोळा मिटतच नाही. आणि शोग्रेन सिंड्रोममध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने 1933 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून हे नाव. हा आजार बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो.

बार्शीहून आलेल्या एक मावशी याच आजाराच्या. ब्लाउज शिवून घर चालवणाऱ्या. वारा लागला की डोळ्यांत खडे टोचतात, म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद करून मशीनवर बसायच्या. सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुलीला हाक मारायला लागायची. पिशवीतून त्यांनी थेंबांच्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. बहुतेकींत प्रिझर्व्हेटिव्ह होतं. दिवसातून दोन-तीनदा टाकायच्या थेंबांतलं प्रिझर्व्हेटिव्ह चालून जातं. तासातासाला टाकलं तर तेच डोळ्याचा पृष्ठभाग आणखी खराब करतं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, आणि सकाळी बोटं आखडतात. हे त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. "वय झालं, थेंब टाकत राहा," एवढंच ऐकत त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. याचा मला राग येतो आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही. डोळे, तोंड आणि सांधे एकाच वेळी तक्रार करत असतील, तर त्या माणसाची रक्ततपासणी व्हायला हवी, त्याने संधिवाततज्ज्ञाला दाखवायला हवं.

अश्रू किती येतात हे बघण्यासाठीच्या शर्मर टेस्टमध्ये खालच्या पापणीत टीपकागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते ते मोजतात. दहा मिलिमीटरच्या पुढे भिजली तर ठीक. पाच किंवा त्याहून कमी म्हणजे कोरडेपणा बराच. मावशींची पट्टी जेमतेम टोकाला ओली झाली.

आता लेन्सबद्दल. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, साधारण साडेअकरा ते बारा मिलिमीटर रुंद असतो. सॉफ्ट लेन्स त्याच्यावरच टेकून बसते. स्क्लेरल लेन्स कडक असते, पंधरा ते वीस मिलिमीटर रुंद, आणि कॉर्नियाला स्पर्शच करत नाही. तिच्या कडा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकतात, मधला भाग घुमटासारखा वर उचललेला राहतो. कॉर्निया आणि लेन्स यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जागा असते आणि ती सलाइनने भरलेली असते. डोळ्यात लेन्स असेपर्यंत कॉर्निया या पाण्याखाली राहतो, पापणी घासते ती लेन्सला. शिवाय कोरडेपणाने खडबडीत झालेल्या पृष्ठभागावरून प्रकाश वेडावाकडा जातो. पाण्याने ते खाचखळगे भरून निघतात आणि नजरही साफ होते.

कल्पना नवी नाही. 1887 मध्ये जर्मनीत वीसबाडेन इथल्या म्युलर या कृत्रिम डोळे घडवणाऱ्या कारागिरांनी काचेचं पातळ कवच बनवलं, ते ज्याची पापणी कॅन्सरमुळे काढावी लागली होती अशा रुग्णासाठी. उघडा पडलेला डोळा सुकू नये, एवढाच त्यामागचा हेतू. नजर सुधारण्यासाठी लेन्स वापरण्याचा आडोल्फ फिक यांचा लेख आला तो पुढच्या वर्षी, 1888 मध्ये. काचेतून ऑक्सिजन जात नाही आणि कॉर्नियात रक्तवाहिन्या नसल्याने त्याला ऑक्सिजन मुख्यतः हवेतूनच घ्यावा लागतो. त्यामुळे या लेन्स काही तासांतच काढाव्या लागत आणि पुढे मागेच पडल्या. ऑस्ट्रेलियात पर्थच्या डॉन इझिकिएल यांनी 1983 मध्ये ऑक्सिजन आरपार जाऊ देणाऱ्या प्लास्टिकची स्क्लेरल लेन्स केली आणि दार पुन्हा उघडलं. बोस्टनच्या पेरी रोझेंथाल यांनी ती गंभीर आजारी डोळ्यांसाठी पुढे नेली. त्यांच्या पद्धतीचे उपचार आपल्याकडे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयात मिळतात.

लेन्स लावायची रीत मात्र सगळ्यांना आधी अवघड वाटते. टेबलावर आरसा आडवा ठेवायचा, त्याखाली टॉवेल. मान पूर्ण खाली, चेहरा जमिनीला समांतर. लेन्स लहानशा रबरी प्लंजरवर बसवून तिच्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाइन काठोकाठ भरायचं. दोन्ही पापण्या बोटांनी ताणून धरायच्या आणि डोळ्यात पाणी टेकेपर्यंत लेन्स सरळ वर आणायची. हात थरथरला की पाणी सांडतं आणि आत बुडबुडा अडकतो. बुडबुडा दिसला की काढून पुन्हा, कारण बुडबुड्याखालचा कॉर्निया कोरडाच राहतो. मावशींच्या टॉवेलवर बरंच सलाइन सांडलं. पण शिलाईचा हात! एकदा बेत जमला तसे त्यांनी डोळे उघडले, आरशात न बघता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, टोचत नाहीये की हो." सलाइनमध्ये आधीच मिसळलेला फ्लुरेसिन हा नारिंगी रंग स्लिट लॅम्प या तपासणीच्या सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या उजेडात हिरवा चमकत होता आणि मधोमध कुठेही तुटला नव्हता. म्हणजे लेन्स कुठे टेकलेली नव्हती.

यापुढचं सगळं शिस्तीवर चालतं. लेन्सला नळाचं पाणी कधीही लावायचं नाही, फिल्टरचंही नाही. त्यात अकँथअमीबा नावाचा जंतू असू शकतो आणि त्याचं इन्फेक्शन डोळा घालवू शकतं. रात्री झोपताना लेन्स काढायचीच. काढताना प्लंजर मधोमध लावायचा नाही, कडेजवळ लावून कड आधी उचलायची. लेन्स साफ करायला हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्यूशन वापरत असाल तर ती त्याच्याच खास डबीत ठेवायची, सांगितलेले तास पूर्ण होईपर्यंत. मधेच काढून डोळ्यात घातलीत तर डोळा भाजतो. काहींना दुपारी धूसर दिसायला लागतं, कारण लेन्सखालचं पाणी फारसं बदलत नाही आणि त्यात कचरा साठतो. लेन्स काढून, धुऊन, नवं सलाइन भरून परत लावली की बरं वाटतं. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना झाला, तर लेन्स काढून त्याच दिवशी दाखवायचं.

सगळ्यांनाच ही लेन्स चालते असंही नाही. डोळ्यात इन्फेक्शन असेल तर थांबावं लागतं. कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी फार कमी झाल्या असतील, कलम केलेल्या डोळ्यांत तसं होतं, तर लेन्सखाली कॉर्निया सुजू शकतो. लेन्स महाग पडते, काही वर्षांनी बदलावी लागते, आणि सलाइनचा खर्च रोजचा. मुळातला आजार तिने बरा होत नाही. थेंब, गोळ्या, संधिवाताचे उपचार चालूच राहतात. मावशींची औषधंही चालू आहेत आणि लेन्सही. लेन्स लावून मशीनवर बसतात आणि दोरा स्वतः ओवतात.

तुमच्या घरात कुणाचे डोळे थेंब टाकूनही शांत होत नसतील, तर कॉर्नियातज्ज्ञाला थेट विचारा की स्क्लेरल लेन्सचा उपयोग होईल का. वापरातले सगळे थेंब आणि चालू औषधांची यादी बरोबर न्या. आणि लेन्स बसवायच्या दिवशी अर्धा दिवस मोकळा ठेवा, कारण लावल्यावर काही तासांत ती पांढऱ्या भागात थोडी रुतते आणि त्यानंतर पुन्हा तपासल्याशिवाय माप पक्कं करता येत नाही.