लाडू पोचले, विश्रांती राहून गेली

बाळाला दवाखान्यातून घरी आणून पंधरा दिवस झालेले असतात. नवीन पनवेल, कामोठे किंवा कळंबोलीतलं दोन खोल्यांचं घर. गावाहून आलेल्या सासूबाई किंवा आई परतीच्या गाडीला बसतात, कारण तिकडेही शेती, गुरं, आजारी माणूस वाट बघत असतं. नवरा सकाळी लोकल पकडतो. पनवेल ते सीएसएमटी एका बाजूचाच प्रवास सव्वा तासाच्या वर, त्यामुळे तो घरी येईपर्यंत रात्रीचे आठ वाजतात. ओट्यावर कुकर, बाथरूममध्ये लंगोटांची बादली, आणि पाळण्यातलं बाळ पुन्हा एकदा भुकेनं रडायला लागलेलं. असं घर प्रत्येक इमारतीत एखादं तरी सापडतं.

यातला हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा अंगावर पितं. एका वेळेला अर्धा तास धरला, तरी चार ते सहा तास नुसते पाजण्यात जातात. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा निजवणं हे वेगळंच. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दूध पुरेसं मिळणारं बाळ दिवसातून किमान सहा वेळा लघवी करतं. म्हणजे लंगोट, दुपटी, झबली धरून धुण्याचा ढीग रोज दुप्पट होतो. आणि हे सगळं येतं ते आधीच्या घरकामावर. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं होतं, की घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष जेमतेम २६ टक्के. हे आकडे सर्वसाधारण दिवसांचे आहेत. बाळंतिणीच्या घरी त्या पाच तासांचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे याचं एक जुनं उत्तर होतं : माहेरचं बाळंतपण आणि सव्वा महिना. अहळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, शेक, मालिश, डोक्याला बांधलेला रुमाल या सगळ्याची चर्चा आजही होते. लाडू तर आता कुरिअरने थेट दारात येतात. पण सव्वा महिन्याचा गाभा लाडवात नव्हताच. बाळंतिणीनं चुलीजवळ जायचं नाही, पाणी भरायचं नाही, तिचं ताट तिच्या हातात आणून द्यायचं, हा तो गाभा. त्याला सोवळ्या-विटाळाचं वेष्टण होतं आणि ते गेलं हे बरंच झालं. पण त्या वेष्टणाबरोबर विश्रांतीही गेली. शहरातल्या घरांनी खाण्याचे पदार्थ तेवढे ठेवले, काम करणारे हात मात्र हरवले.

वैद्यकशास्त्र सूतिकाकाळ सहा आठवड्यांचा मानतं, म्हणजे ४२ दिवस. सव्वा महिना त्याच्या अगदी जवळ येतो. प्रसूतीनंतर लगेच गर्भाशयाचं वजन साधारण एक किलो असतं, सहा आठवड्यांत ते शंभर ग्रॅमच्या आत येतं. या काळात रक्तस्राव चालू असतो, टाके भरत असतात, ओटीपोटाचे ताणलेले स्नायू पूर्ववत होत असतात. महाराष्ट्रात दर चार प्रसूतींमागे एक सिझेरियनने होते, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ची पाचवी फेरी सांगते. सिझेरियन ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला कुणी पंधराव्या दिवशी पोळ्या लाटायला उभं करत नाही. बाळंतिणीच्या बाबतीत ते सहज होतं, कारण घरी आल्यावर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे वळलेलं असतं.

त्याच सर्वेक्षणानुसार राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. प्रसूतीत गेलेलं रक्त त्यातून वजा करायचं. थोडं काम केलं की दम लागणं, चक्कर येणं, चिडचिड होणं याला घरात ‘आता आईपणाची सवय होईल’ असं म्हटलं जातं. बऱ्याचदा हिमोग्लोबिन नऊच्या खाली असतं, एवढंच त्याचं कारण असतं. म्हणून प्रसूतीनंतर १८० दिवस रोज लोहाची गोळी सरकारी आरोग्य केंद्रातून मोफत दिली जाते, कॅल्शियमची वेगळी. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. चहाबरोबर घेतली तरी तेच. जेवणानंतर कॅल्शियम आणि दोन-तीन तासांचं अंतर ठेवून लिंबूपाण्याबरोबर लोह, एवढं लक्षात ठेवलं तरी गोळी कामी येते.

खाण्याचं प्रमाणही ठरलेलं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, पुढच्या सहा महिन्यांत ५२०. हे ६०० म्हणजे साधारणपणे एक तांदळाची भाकरी, वाटीभर घट्ट वरण, पेलाभर दूध आणि एक लाडू. नुसत्या तुपातल्या लाडवांनी कॅलरी भरतात, पण प्रथिनं राहून जातात. काही घरांत बाळंतिणीला पालेभाजी, डाळी, दही वर्ज्य असतं, कुठे तर पाणीसुद्धा मोजून देतात, याला काही आधार नाही. दूध वाढतं ते मुख्यतः बाळ वारंवार प्यायल्यामुळे. बाळ ओढतं, तसा आईच्या मेंदूला संदेश जातो आणि पुढचं दूध तयार होतं. शतावरी, मेथी, अहळीव यांच्यावरचे अभ्यास झाले आहेत, पण त्यांचा पुरावा अजून कच्चाच आहे. अहळीव लोहासाठी खावेत, चवीसाठी खावेत. दूध कमी पडतंय म्हणून एखादीला रोज वाडगाभर खीर संपवायला लावू नये.

उरणपासून पनवेलपर्यंतच्या आगरी-कोळी घरांत बाळंतिणीला मासे देण्याची रीत आहे, आणि ती उत्तम आहे. मुडदुशासारख्या हलक्या मासळीचं पातळ कालवण आणि मऊ भात यात प्रथिनं आली, पचायलाही सोपं. एक अपवाद मात्र सांगायला हवा. दूध वाढवते म्हणून किनाऱ्यावर मुशी, म्हणजे छोटा शार्क, आवर्जून खाऊ घालतात. शार्कच्या जातीच्या माशांत पारा साठत जातो, म्हणून पाजत्या आयांनी ते टाळावेत असा सल्ला आहे. बांगडा, तारली, मांदेली यांत ती भीती नाही आणि ती स्वस्तही आहेत.

आता ओट्याकडे वळू. एकटीनं किंवा दोघांनीच घर चालवायचं असेल, तर पहिले सहा आठवडे स्वयंपाकाची व्याख्याच बदलावी लागते. चार पदार्थांचं ताट विसरून जावं. कुकरच्या तळाशी तांदूळ-मुगाची खिचडी किंवा वरण, वरच्या डब्यात भोपळा, गाजर, पालक, तिसऱ्यात अंडी किंवा रताळी. गॅस बंद केल्यावरही कुकर आतल्या वाफेवर शिजवत राहतो, आणि हीच त्याची खरी सोय, कारण बाळ मध्येच रडलं तर उठून जाता येतं. पोळीचं तसं नाही, तव्यापुढे उभंच राहावं लागतं. म्हणून पोळ्या-भाकऱ्या बाहेरून आणाव्यात, किंवा नवऱ्यानं सकाळी निघण्याआधी कराव्यात. लाटता येत नाहीत हे कारण महिनाभरात संपतं, मग त्या गोल होवोत न होवोत. कडधान्यं रात्री भिजवून ठेवण्याचं कामही त्याचंच. नेहमीची वाटणं, भाजलेलं खोबरं, लसूण-आल्याचा गोळा आठव्या महिन्यातच करून बर्फाच्या कप्प्यात ठेवलेला बरा.

फ्रिजच्या जोरावर तीन दिवसांचा स्वयंपाक एकदम करण्याकडे अनेकांचा कल असतो. पनवेलच्या दमट हवेत इथे सांभाळावं लागतं. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. भाताचं तर विशेष. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. त्यामुळे सकाळचा भात दुपारपर्यंत ओट्यावर ठेवून मग फ्रिजमध्ये टाकण्यात अर्थ नाही. पसरट भांड्यात लवकर गार करावा, फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा.

बाळाला कडेवर घेऊन फोडणी देणं हा रोजचा प्रकार झालेला असतो. तो पूर्ण थांबवायला हवा, झोळीत किंवा पट्ट्यात बांधूनसुद्धा. नवजात बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते आणि मोठ्याला चटका देणारा थेंब त्याला खोल भाजतो. मांडीवर बाळ आणि हातात गरम चहाचा कप, हेही त्यातलंच. बाळ स्वयंपाकघराबाहेर, दिसेल अशा जागी, घट्ट गादीवर उताणं निजवावं. शेकासाठी बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी तर ठेवूच नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माय-लेकरांना ते कळतही नाही.

पाणी हा पनवेलचा वेगळाच विषय. जुन्या शहराला पाणी देणारं देहरंग धरण उन्हाळ्यात आटत जातं, मग पाणीकपात आणि टँकर सुरू होतात. पाणी येईल तेव्हा भरून ठेवण्याची धावपळ होते, आणि ती बहुतेक वेळा घरात असणाऱ्या बाईच्या वाट्याला येते. पंधरा लिटरची भरलेली बादली पंधरा किलोंची असते. सिझेरियननंतर पहिले सहा आठवडे बाळाच्या वजनाहून जड काही उचलू नये, असं डॉक्टर सांगतात. पाणी भरणं आणि धुणं ही दोन कामं तरी दुसऱ्या कुणाची, असं बाळ येण्याआधीच ठरलेलं असावं. पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत, ओलसर लंगोटांनी बाळाला पुरळ येतं. पंख्याखाली वाळवून वर इस्त्री फिरवावी, रात्रीपुरते तयार डायपर वापरले तर कुणी आळशी म्हणू नये.

जुन्या सुती साड्यांची दुपटी मऊ असतात, पण ती अनेकदा ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांमध्ये ठेवलेली असतात. त्यातल्या नॅप्थालिनमुळे, ज्या बाळांत जन्मतः जी-६-पीडी नावाचं विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बाळात ही उणीव आहे का, हे तपासणीशिवाय कळत नाही. असे कपडे बाळासाठी न वापरलेलेच बरे, आणि बाळाच्या कपाटात तर या गोळ्या नकोतच.

आणि मन. प्रसूतीनंतर पहिल्या दहा-पंधरा दिवसांत उगाच रडू येणं बहुतेकींना होतं, ते आपोआप ओसरतं. त्यापुढेही उदासी राहिली, बाळ झोपलं तरी झोप येईना, बाळाकडे बघावंसंच वाटेना, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला होता. त्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के होतं, म्हणजे पाचातल्या एकीला. सासूबाई म्हणतात, ‘आम्ही नाही का केलं सगळं?’ त्यांनी केलं होतं, पण त्यांच्या वेळी अंगणात चार जावा होत्या. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

शरीराच्या धोक्याच्या खुणाही घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात. तासाभरात पॅड भिजेल एवढा रक्तस्राव, ताप, दुर्गंधी येणारा स्राव, खूप डोकं दुखणं आणि डोळ्यांपुढे अंधारी, एका पायाची पोटरी सुजून दुखणं. बाळ पिणं सोडून देणं, अंग गार किंवा गरम लागणं, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं. यापैकी काहीही दिसलं तर उद्यापर्यंत थांबू नये.

घरी जाऊन बघण्याची ताकद किती असते, हे महाराष्ट्रानेच दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली. तिथे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा लेख १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याच धर्तीवर २०११पासून देशभर आशाताई दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. मोठ्या सोसायट्यांमध्ये ही सोय अनेकांना ठाऊकच नसते. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात चौकशी करायला हरकत नाही. घरी आलेल्या आशाताईला गेटवर अडवलं जाणार नाही, एवढं वॉचमनला सांगून ठेवावं.

राहता राहिले बाळ बघायला येणारे. बारशापासून त्यांची रीघ लागते आणि प्रत्येकाबरोबर चहा-पोह्यांचं आधण चढतं. झबल्यांचे संच घरात आधीच सात झालेले असतात. त्याऐवजी भाजी-भाकरीचा डबा आणावा, हात धुऊन मगच बाळाजवळ जावं, दहा मिनिटांत उठावं. चहा हवाच असेल तर पाहुण्यांनीच टाकावा, साखरेचा डबा कुठे आहे ते बाळंतीण बसल्या जागेवरून सांगेल.