दुकान-कारखान्याचे नेट गेले तर? दुसरी लाइन अशी तयार ठेवा

५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल परराज्यात पाठवायचा तर ई-वे बिल लागते. भिवंडी-मालेगावच्या कापड व्यापाऱ्यांना हे चांगलेच माहीत आहे. ऐन वेळी नेट गेले की बिल निघत नाही आणि भरलेला ट्रक दारातच उभा राहतो. उमराहची तिकिटे काढणारी ऑफिसे आणि हजचे फॉर्म भरून देणारी सेंटर्स यांचीही हीच अडचण. शेवटची तारीख काही आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून दुसरी लाइन कशी असावी, ते आपण पाहू.

रस्ता वेगळा हवा
दोन कंपन्यांची कनेक्शन घेतली म्हणजे काम झाले असे नाही. दोन्ही केबली एकाच मार्गाने येत असतील तर खोदकामात दोन्ही एकदम तुटू शकतात. म्हणून पहिली लाइन फायबरची आणि दुसरी मोबाइल सिमवर चालणारी ठेवावी. सिमही फायबरवाल्या कंपनीचे नको. घेण्याआधी दुकानात आत, राउटरच्या जागेवर रेंज तपासा.

राउटर स्वतः लाइन बदलणारा हवा
दोन लाइन जोडता येणारा, म्हणजे 'ड्युअल वॅन' राउटर घ्या. त्यात 'फेलओव्हर' निवडा. पहिली लाइन बंद पडली की तो आपोआप दुसरीवर जातो. 'लोड बॅलन्स'मध्ये दोन्ही लाइन एकाच वेळी चालतात, पण त्यात बँकेची साइट मध्येच लॉगआउट करू शकते.

एक सेटिंग मात्र विसरू नका. बाहेर केबल तुटली तरी आतला फायबरचा डबा चालूच दिसतो, त्यामुळे राउटर फसतो. त्याला 'पिंग'ने बाहेरचा पत्ता, उदाहरणार्थ गूगलचा ८.८.८.८, सतत तपासायला लावा.

वीज आणि डेटा
लाइट गेली तर दोन्ही लाइन निरुपयोगी. राउटर आणि फायबरचा डबा दोघांनाही छोटा यूपीएस लावा. सिमवर रोज २ जीबीचा पॅक असेल तर कॅमेऱ्याचे क्लाउड रेकॉर्डिंग आणि कॉम्प्युटरचे अपडेट त्या लाइनवर बंद ठेवा, नाहीतर तासाभरात डेटा संपेल.

काय चालूच राहते?
ग्राहक क्यूआर स्कॅन करतो तो त्याच्या स्वतःच्या नेटवर. साउंडबॉक्समध्येही बहुधा वेगळे सिम असते. म्हणजे दुकानाचे नेट गेले तरी यूपीआय सहसा थांबत नाही. खरी गरज असते ती बिलिंग, बुकिंग आणि सरकारी पोर्टलला. लाइन बदलताना पोर्टल पुन्हा लॉगिन मागू शकते, म्हणून मोठा फॉर्म भरताना मधून मधून सेव्ह करत राहा.

तपासणी
महिन्यातून एकदा फायबरची वायर मुद्दाम काढा आणि एक बिल काढून बघा. सिमचा रिचार्जही त्याच दिवशी पाहून घ्या. घरातल्या आणखी एकाला हे सगळे शिकवून ठेवा. रमजान-ईदची गर्दी सुरू होण्याआधी तर ही तपासणी झालीच पाहिजे.