मोटारीचें तेल : घरांतील एकाचें काम

दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, ही म्हण एकत्र कुटुंबांतील मोटारीस तंतोतंत लागू पडते. मोटार थोरले चालवितात, धाकटे चालवितात, सुनाही चालवितात. परंतु इंजिनांतील तेल कोणी पाहिलें, असें विचारतांच प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो.

संस्कृतांत ‘स्नेह’ या एकाच शब्दाचे तेल आणि माया असे दोन अर्थ आहेत. दोहोंचें कार्यही एकच : घर्षणाच्या जागीं मध्यें राहून झीज टाळणें. इंजिनांतील धातूचे भाग मिनिटास हजारों फेरे घेतात. तेलाचा पातळ पडदा मध्यें असतो, म्हणून ते एकमेकांस खात नाहींत. शिवाय तेल उष्णता वाहून नेतें व काजळी आपणांत धरून ठेवतें. बैलगाडीचें वंगण संपलें कीं आंस कुरकुरूं लागे; मोटारीचें इंजिन मात्र बहुधा फार उशिरां बोलतें.

डहाणूहून चारोटीकडे जातांना रानशेत लागतें. अशा गांवीं घरची मोटार ही केवळ चैन नव्हे. अवेळीं रुग्णास डहाणूस न्यावयाचें झालें तर तोच आधार. त्या वेळीं इंजिन जागींच आवळलें तर दोष कोणास द्यावा?

परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जागीं उभी करावी, इंजिन बंद करून पांच-दहा मिनिटें थांबावें. मापाची पट्टी काढून स्वच्छ फडक्यानें पुसावी, पूर्ण आंत घालून पुन्हां काढावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें. कमी असल्यास थोडें थोडें घालावें. वरच्या खुणेपलीकडे गेल्यास तें घुसळून फेस होतो व वंगणाचें काम बिघडतें. डिझेलच्या गाडींत तेल लवकर काळें होतें, त्याचें भय नको. दुधाळ दिसलें तर पाणी शिरल्याचा संशय धरून कारागिरास दाखवावें. समोरचा तांबडा दिवा तेलाचा दाब सांगतो, प्रमाण नव्हे. चालतांना तो लागला तर तत्काळ इंजिन बंद करावें.

तेल किती किलोमीटरांनीं बदलावें व तें कोणत्या जातीचें, हें गाडीच्या पुस्तिकेंत असतें. मोटार थोडी चालली, तरी तींत सांगितलेली मुदत चुकवूं नये. वारंवार चार पावलें जाऊन बंद होणाऱ्या इंजिनांत ओलावा सांचतो, व तेल लवकर निकामी होतें. तेलाबरोबर गाळणीही बदलावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींही शिरूं नये.

राहिलें जुनें तेल. वाळवी लागूं नये म्हणून तें खांबांस फांसण्याची किंवा ओढ्याकांठीं ओतण्याची रीत सोडली पाहिजे. त्यांत धातूचे कण व विषारी द्रव्यें असतात. डहाणू तालुका १९९१ सालीं पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला; चिकूच्या वाड्या व विहिरी याच जमिनीवर जगतात. २०१६ च्या नियमांप्रमाणें असें तेल घातक कचऱ्यांत मोडतें. तें झांकणाच्या डब्यांत भरून, नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जुनें तेल पाठविणाऱ्या गॅरेजांत द्यावें.

आमची सूचना एवढीच : पंचांगाशेजारीं एक वही टांगावी, तींत तारीख, किलोमीटर व तेलाची पातळी लिहावी, आणि पंधरवड्यांतून एकदां पट्टी पाहण्याचें काम घरांतील एकाच व्यक्तीवर नांव घेऊन सोंपवावें. घरांतील शाळकरी मुलामुलींस जवळ उभें करून हें काम दाखवावें, म्हणजे पुढें तेंही त्यांच्या हातीं देतां येईल.