यमक जुळत नाही, तरी ती कविता? मुक्तछंद वाचायचा कसा, लिहायचा कसा?

‘यमक नाही, चाल लावता येत नाही, मग ही कविता कसली?’ आजची कविता वाचताना हा प्रश्न हमखास पडतो आणि पुस्तक बाजूला ठेवले जाते. लिहावेसे वाटणारे अनेक जण ‘आपल्याला वृत्त जमत नाही’ म्हणून वही मिटतात. दोघांचीही अडचण मुक्तछंद समजून घेतला की बरीच सुटते.

मुक्तछंद म्हणजे काय?
छंदोबद्ध कवितेचे माप आधीच ठरलेले असते. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात. मुक्तछंदात असे माप नसते. ओळ कुठे तोडायची, हे बोलण्याची लय आणि आशय ठरवतो.

हे मराठीत नवीन आहे का?
नाही. ज्ञानेश्वरीतल्या ओवीतही अक्षरसंख्या पक्की नाही. विसाव्या शतकात कवी अनिल यांनी मुक्तछंद रुजवला. ‘भग्नमूर्ती’ (१९४०) हे त्यांचे दीर्घकाव्य त्यातलेच. पुढे गिरणीत राबलेले नारायण सुर्वे आणि ‘गोलपिठा’ (१९७२) लिहिणारे नामदेव ढसाळ यांनी कामगारांची, वस्त्यांची भाषा कवितेत आणली. ठरलेल्या मापात कोंबली असती, तर त्या भाषेची धार गेली असती.

मुक्त म्हणजे काहीही चालते?
तसेही नाही. याच अनिलांनी नंतर स्वतःला दहा ओळींचे बंधन घालून घेतले. त्यांच्या ‘दशपदी’ संग्रहाला १९७७ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बंधन निवडण्याची मोकळीक कवीकडे असते, इतकेच.

वाचायचे कसे?
मोठ्याने वाचा. ओळ संपते तिथे क्षणभर थांबा. पहिल्या वाचनात सगळा अर्थ लागलाच पाहिजे, असे नाही. एखादी प्रतिमा लक्षात राहिली, तर तिथून पुन्हा सुरुवात करा.

आणि लिहायचे कसे?
अमेरिकी लेखन-शिक्षक पीटर एल्बो यांनी १९७३ च्या पुस्तकात सुचवलेला उपाय सोपा आहे: दहा मिनिटे न थांबता, न खोडता लिहीत राहायचे. चुकीच्या शुद्धलेखनाची चिंता नंतर. विषय कोणताही चालेल, चुकलेली लोकल किंवा आईचा अर्धवट राहिलेला फोन. दुसऱ्या दिवशी तेच वाचून जास्तीचे शब्द काढा. शाळेत कवितेला गुण होते, इथे नाहीत. वही कुणाला दाखवायची, तेही नंतर ठरवता येते.