उसनवारीची मुदत

"भाऊजी, पगार झाला की देतो," म्हणत मेव्हणा 40 हजार घेऊन जातो. पुढे मागायची लाज वाटते ती भाऊजींनाच! मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख मोठं, असं मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलं. मेव्हण्याची नवी बाइक डोळ्यांत खुपते ती त्यामुळेच.

कायदा नातं बघत नाही. परतफेडीची तारीख ठरली नसेल, तर पैसे दिल्यापासून 3 वर्षांत दावा लावावा लागतो. सणासुदीला विषय नको, म्हणता म्हणता ती सरतात. मुदतीत त्याने सहीनिशी कर्ज कबूल केलं, तर मोजणी नव्याने सुरू होते. रोख तर नकोच. 20 हजार किंवा अधिक रोख उसने घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. पैसे बँकेतून पाठवा, शेऱ्यात 'उसने' लिहा.