मोटारीची मिटती पायरी

कार्तिकी पौर्णिमा उजाडली की आपल्या समाजात यात्रेची लगबग सुरू होते. चातुर्मासात बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा त्या दिवशी पुन्हा आरंभते आणि सचिन, उधना, सुरत येथील व्यापारी कुटुंबे वडीलधाऱ्यांसह पालिताण्याची वाट धरतात. गिरिराजाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्यांची चिंता सर्वांनाच असते. परंतु घरच्या मोटारीच्या पायरीकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. तिच्याविषयीच येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

हल्लीच्या काही उंच मोटारींना विजेवर चालणारी मिटती पायरी असते. दार उघडताच ती बाहेर येते आणि दार लावल्यावर काही क्षणांत गाडीखाली जाते. गुडघेदुखीने त्रासलेल्या आजीला तिचा मोठा आधार वाटतो. पण आजीने सवयीने पाऊल टाकावे आणि पायरी बाहेर आलेलीच नसावी, तर तोच आधार घात करतो.

ही पायरी अडते ती बहुधा बिजागरीत. कॅनडा-अमेरिकेसारख्या हिमप्रदेशांत चाकांनी उडविलेला ओला बर्फ सांध्यांत शिरून रात्री गोठतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. सांधा जखडतो आणि लहानशी विद्युत मोटार अडथळा जाणवताच थांबते. शिवाय बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर पसरलेले मीठ धातूस गंज चढविते.

सचिनला बर्फ नाही. पण बर्फाचे काम येथे चिखल करतो. पावसाळ्यात वसाहतीच्या रस्त्यांवरील मालमोटारींनी उडविलेला गाळ बिजागरीत बसतो व आश्विनाच्या उन्हात विटेसारखा कडक होतो. मिठाची उणीवही नाही. ज्या दांडीच्या किनाऱ्यावर ६ एप्रिल १९३० रोजी महात्माजींनी मीठ उचलले, तो येथून फार दूर नाही. त्याच समुद्राचा खारा वारा आपल्याकडे येतो.

म्हणून उपायही दोन्हीकडे जवळजवळ एकच. पायरी बाहेर काढून तशीच ठेवण्याचे बटण असते. ते वापरून बिजागऱ्या जोरदार पाण्याने धुवाव्यात, मात्र धार विद्युत मोटारीवर धरू नये. कोरड्या झाल्यावर खिळींवर सिलिकॉनचा फवारा मारावा. चिकट ग्रीस लावू नये. त्यावर धूळ बसून नवाच लगदा तयार होतो. पायरीच्या पृष्ठभागावर फवारा वा चकाकीचे मेण मुळीच लावू नये, पाय घसरेल. परदेशी असलेल्या मुलाबाळांस कळवावे की गोठलेली पायरी ठोकू नये, कढत पाणीही ओतू नये. तेच पाणी पुन्हा गोठते. गाडी उबदार जागी नेऊन बर्फ वितळू द्यावा. हिमवर्षावाच्या रात्री पायरीचे बटण बंद ठेवणे उत्तम.

आपल्या धर्माने प्रत्येक क्रियेत जयणा सांगितली आहे. धुण्यापूर्वी गाडीखाली डोकावून पाहावे. सावलीस एखादे मांजर वा कुत्र्याचे पिल्लू निजलेले असते. पायरी मिटताना मुलांचे हातपाय दूर असावेत. आणि वडीलधाऱ्यांना उतरविताना घरातील एकाने आधी खाली उतरून, पायरी बाहेर आली आहे हे डोळ्यांनी पाहून मगच त्यांना हात द्यावा. यंत्राची निगा राखावी, परंतु आईवडिलांचे पाऊल केवळ यंत्राच्या भरवशावर सोडू नये.